आंशिक जठरोच्छेदन, पित्ताचे प्रत्यागमन आणि कर्करोगाचा धोका : उपलब्ध पुराव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

वैद्यकशास्त्राच्या अध्यापनात काही विधाने अशी असतात की ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे फारशी तपासली न जाता पोचतात. 'जठराचा काही भाग काढून टाकल्यावर उरलेल्या जठरात पित्त परतून येते आणि कालांतराने तेथे कर्करोग उद्भवतो' हे अशांपैकी एक विधान होय. वरवर पाहता हे एकच वाक्य आहे. परंतु त्यात तीन स्वतंत्र दावे एकत्र गुंफलेले आहेत. पित्त परतून येते, हा पहिला दावा. अशा रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण वाढते, हा दुसरा. आणि पहिली घटना दुसरीचे कारण आहे, हा तिसरा. यांपैकी पहिला दावा निर्विवाद आहे, दुसरा काही अटींसह मान्य करता येतो आणि तिसरा मात्र अद्याप पूर्णपणे सिद्ध झालेला नाही. तिन्ही दाव्यांना सारखेच वजन दिल्यामुळे या विषयाच्या चर्चेत एकीकडे अनाठायी भीती आणि दुसरीकडे अनाठायी निश्चिंतता निर्माण झाली आहे. प्रस्तुत लेखात या तिन्ही दाव्यांमागील पुरावा वेगवेगळा तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

हा विषय केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा नाही. अल्सरवरील परिणामकारक औषधे येण्यापूर्वी ज्यांच्यावर अशा शस्त्रक्रिया झाल्या, त्यांच्यापैकी अनेकजण आज वृद्धावस्थेत आहेत. जठराच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया होऊन बरे झालेल्यांची संख्याही वाढत आहे. शिवाय लठ्ठपणावरील काही नव्या शस्त्रक्रियांमुळे हाच प्रश्न तरुण रुग्णांच्या बाबतीत पुन्हा उपस्थित झाला आहे.

'पित्त' या शब्दाविषयी

मराठी वाचकासमोर हा विषय मांडताना प्रथम एक भाषिक अडचण दूर करणे आवश्यक ठरते. आपल्याकडे 'पित्त झाले', 'पित्त खवळले' असे म्हणताना बहुधा छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी अशी लक्षणे अभिप्रेत असतात. आयुर्वेदातील अम्लपित्ताची संकल्पना या लोकव्यवहारामागे आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राच्या भाषेत या तक्रारींचा संबंध मुख्यतः जठरातील आम्लाशी जोडला जातो. प्रस्तुत लेखात मात्र 'पित्त' म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, येऊन मिळणारा हिरवट-पिवळा रस होय. तो आम्लधर्मी नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. जठराचा काही भाग काढलेला रुग्ण जेव्हा 'मला पित्ताचा त्रास होतो' असे सांगतो, तेव्हा ऐकणारा सवयीने आम्लपित्त समजतो आणि आम्लनाशक गोळ्या सुचवतो. प्रत्यक्षात अशा रुग्णाच्या जठरात आम्ल आधीच कमी झालेले असते आणि त्याची तक्रार खऱ्या पित्ताची असू शकते. पोटाच्या वरच्या भागातील सततची जळजळ आणि उलटी होऊनही न थांबणारी वेदना, तसेच उलटीत दिसणारे कडू, हिरवट पाणी ही तिची लक्षणे होत. एकाच शब्दाखाली दोन परस्परविरुद्ध अवस्था झाकल्या जाण्याचे हे उदाहरण आहे.

शस्त्रक्रियेने बदललेला मार्ग

निरोगी शरीरात जठर आणि आद्यांत्र यांच्यामध्ये जठरनिर्गमद्वार असते. स्नायूंचे हे वलय अन्न थोडेथोडे पुढे सोडते आणि आतड्यातील रस मागे येऊ देत नाही. हा अडसर परिपूर्ण नाही; थोडे पित्त निरोगी माणसाच्या जठरातही अधूनमधून येते. जठराचा खालचा भाग काढताना मात्र हे द्वारच काढले जाते.

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा खालचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्यापूर्वी १८७९ मध्ये पॅरिसमध्ये पेआँ यांनी आणि १८८० मध्ये रिडिगिअर यांनी असे प्रयत्न केले होते. परंतु त्यांचे रुग्ण वाचू शकले नाहीत. बिलरोथ यांच्या पहिल्या पद्धतीत उरलेले जठर थेट आद्यांत्राला जोडले जाते. १८८५ मधील दुसऱ्या पद्धतीत आद्यांत्राचे टोक बंद करून जठर लहान आतड्याच्या पुढच्या भागाला, म्हणजे मध्यांत्राला, वळशाने जोडले जाते. या दुसऱ्या रचनेत यकृत आणि स्वादुपिंड यांचे सर्व स्राव खाली जाताना जठराच्या जोडावरूनच वाहतात. म्हणजे येथे पित्त केवळ चुकून मागे येत नाही. त्याचा मार्गच जठराच्या तोंडाशी आणून ठेवलेला असतो.

शल्यविशारदांना ही अडचण लवकरच जाणवली. ब्राउन यांनी १८९२ मध्ये वळशाच्या दोन भुजा एकमेकींना जोडून पित्ताला आडवाट करून दिली. लोझान येथील सेझार रू यांनी त्याच दशकात इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची जोडणी रूढ केली. तीत पित्त जठरापासून बरेच खाली आतड्यात सोडले जाते. आज ही भुजा सामान्यतः ४५ ते ६० सेंटिमीटर ठेवली जाते. अशा प्रकारे पित्ताचा उपद्रव आणि त्यावरील उपाय दोन्ही एकोणिसाव्या शतकातच ज्ञात होते. तरीही विसाव्या शतकात अल्सरसाठी बिलरोथ यांच्या पद्धतींचा विस्तृत वापर झाला. कारण त्या तुलनेने सोप्या होत्या आणि त्यांचे तात्कालिक परिणाम चांगले होते. दूरच्या परिणामांचा हिशेब मांडायला अजून वेळ होता.

आकडेवारीचा वाद

सौम्य व्याधीसाठी शस्त्रक्रिया झालेल्या जठरात पुढे कर्करोग आढळल्याची नोंद मेयो क्लिनिकमधील बॅलफोर यांनी १९२२ मध्ये केली. पुढील काही दशके अशा नोंदी साचत गेल्या. परंतु सुट्या नोंदींवरून धोका ठरत नाही. जठराचा कर्करोग हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुळातच सर्रास आढळणारा रोग होता. शस्त्रक्रिया झालेल्या काही जणांना तो होणारच होता. खरा प्रश्न असा की, त्याच वयाच्या, शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांपेक्षा तो अधिक प्रमाणात होतो काय? १९५६ मध्ये नॉर्वेतील हेल्सिंगेन आणि हिलेस्टाड यांनी जठरव्रणासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांत वाढीव प्रमाण नोंदवले आणि वादाला खरी सुरुवात झाली.

१९८० च्या दशकातील तीन अभ्यास एकत्र वाचले तर हा वाद का मिटत नव्हता, ते ध्यानात येते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यातील ३३८ रुग्णांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २.६ कर्करोग अपेक्षित असताना प्रत्यक्षात २ आढळले, म्हणून धोका वाढत नाही असा निष्कर्ष निघाला. लंडनमधील ४४६६ रुग्णांच्या १९८६ मधील अभ्यासात मात्र शस्त्रक्रियेनंतर वीस वर्षे उलटल्यावर जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे साडेचार पट आढळले. १९८८ मध्ये स्वीडनमधील ६४५९ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांच्यावरील शस्त्रक्रिया १९५० ते १९५८ या काळात झाल्या होत्या. एकूण सरासरी काढली तर त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येइतकेच भरले. परंतु काळानुसार विभागणी केल्यावर आरंभीच्या वर्षांत कमी आणि नंतरच्या दशकांत चढता धोका दिसून आला.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. पण बारकाईने पाहता ते तसे नाहीत. पहिल्या अभ्यासाची मर्यादा संख्येची आहे. अपेक्षित रुग्णच दोन-तीन असतील, तर दुप्पट धोका असूनही तो अशा मोजणीतून निसटू शकतो. 'धोका आढळला नाही' आणि 'धोका नाही' ही दोन विधाने एक नव्हेत. स्वीडिश अभ्यासाची सरासरी दुसऱ्या कारणाने फसवी आहे. जठराचा जो खालचा भाग काढला जातो, तोच कर्करोगाचे एक नेहमीचे स्थान आहे. तो भाग गेल्यामुळे आरंभी धोका कमी होणे स्वाभाविकच होय. नंतर उरलेल्या भागात धोका वाढत जातो. आधीची घट आणि नंतरची वाढ यांची बेरीज केली की सरासरी 'एक' येते आणि काहीच घडले नाही असा भास होतो. शिवाय लहान उरलेल्या जठरात पूर्ण जठराइतकाच कर्करोग होत असेल, तर ती समानता हीच मुळात वाढ मानली पाहिजे. म्हणून दुसऱ्या दाव्याची योग्य मांडणी अशी करता येईल : आंशिक जठरोच्छेदनानंतर पहिली पंधरा ते वीस वर्षे धोका सामान्यतः वाढत नाही, त्यानंतर मात्र तो हळूहळू वाढतो.

पित्त : अपराधी की सहआरोपी?

तिसऱ्या दाव्याची तपासणी अधिक कठीण आहे. पित्ताविरुद्धचा पुरावा तीन प्रकारचा आहे. पहिला स्थानाचा. दुसऱ्या बिलरोथ पद्धतीनंतर होणारे कर्करोग बहुधा जठर आणि आतडे यांच्या जोडाजवळ, म्हणजे जेथे पित्त सर्वाधिक पोचते तेथे, आढळतात. पहिल्या पद्धतीनंतर असे केंद्रीकरण तितके दिसत नाही. दुसरा पुरावा तुलनेचा. स्वीडिश अभ्यासात दुसऱ्या पद्धतीचे रुग्ण पहिल्या पद्धतीच्या रुग्णांपेक्षा अधिक धोक्यात होते. तिसरा यंत्रणेचा. पित्ताम्ले जठराच्या श्लेष्मल अस्तराचे संरक्षक आवरण विरघळवतात. स्वादुपिंडातील विकर पित्तातील लेसिथिनचे लायसोलेसिथिनमध्ये रूपांतर करते आणि तेही पेशींना घातक असते. सतत इजा आणि सतत दुरुस्ती या चक्रात पेशींचे विभाजन वाढते आणि आनुवंशिक चुकांना वाव मिळतो.

परंतु त्याच वेळी आणखीही काही बदल घडत असतात. खालचा भाग गेल्यामुळे गॅस्ट्रिन हे संप्रेरक घटते, आम्लाचा स्राव कमी होतो आणि एरव्ही जवळजवळ निर्जंतुक असणाऱ्या जठरात जीवाणूंची वस्ती वाढते. हे जीवाणू अन्नातील नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्यापासून कर्करोगकारक नायट्रोसो संयुगे तयार होऊ शकतात. पेलायो कोरिआ यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या टप्प्याटप्प्याच्या प्रतिमानात दीर्घकालीन दाह, अस्तराचा अपक्षय, आंत्रसदृश रूपांतर आणि अखेर कर्करोग असा क्रम आहे. या क्रमाला कमी आम्लाची साथ मिळते. येथे पित्त आणि आम्लाची कमतरता ही दोन कारणे एकाच शस्त्रक्रियेतून, एकाच वेळी जन्माला येतात. केवळ रुग्णांचे निरीक्षण करून त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे जवळजवळ अशक्य आहे.

याहून मोठी गुंतागुंत मूळ रोगाची आहे. वॉरेन आणि मार्शल यांनी १९८२ मध्ये पर्थ येथे शोधलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू व्रण आणि कर्करोग या दोहोंच्या मुळाशी असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवातील निश्चित कर्करोगकारक ठरवले. २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९६ मधील एका स्वीडिश अभ्यासानुसार रुग्णालयात दाखल झालेल्या जठरव्रणाच्या रुग्णांत जठराच्या कर्करोगाचा धोका १.८ पट, तर आद्यांत्रव्रणाच्या रुग्णांत ०.६ पट होता. याचा अर्थ असा की, शस्त्रक्रियेनंतर दिसणाऱ्या धोक्याचा काही भाग रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वीच बरोबर आणलेला असतो. जठरव्रणाचे आणि आद्यांत्रव्रणाचे रुग्ण एकत्र मोजणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष म्हणूनच संशयाने वाचावे लागतात. यात एक विसंगतीही आहे. पित्ताच्या सान्निध्यात हेलिकोबॅक्टर नीट टिकत नाही आणि पित्त अधिक असणाऱ्या उरलेल्या जठरात तो तुलनेने कमी आढळतो. म्हणजे पित्त एका कारणाला हटवते आणि कदाचित स्वतःच दुसरे कारण बनते. भरीस भर म्हणजे एप्स्टाइन-बार विषाणूशी निगडित कर्करोग उरलेल्या जठरात सामान्य जठराच्या तुलनेत अधिक प्रमाणात आढळतात. याचे समाधानकारक स्पष्टीकरण केवळ पित्ताच्या आधारे देता येत नाही.

धूम्रपानाचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. ॲमस्टरडॅममधील २६३३ रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात या रुग्णांच्या वाढीव मृत्यूंमागे धूम्रपानाशी संबंधित रोग ठळकपणे दिसून आले. अल्सर आणि तंबाखू यांचे जुने नाते लक्षात घेता यात आश्चर्य नाही. उरलेल्या जठराच्या कर्करोगाची धास्ती घेतलेल्या रुग्णाने आधी विडी-सिगारेट सोडणे अधिक हिताचे, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

उंदरांवरील प्रयोग आणि त्यांच्या मर्यादा

मानवात जे वेगळे करता येत नाही, ते प्राण्यांत करता येते. १९८० च्या दशकात युरोपातील आणि जपानमधील संशोधकांनी प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरांवर दुसऱ्या बिलरोथ पद्धतीची शस्त्रक्रिया केली. कोणतेही कर्करोगकारक रसायन न देताही त्यांच्या जठराच्या जोडाजवळ कर्करोग उद्भवला. पित्त वळवणारी जोडणी केल्यास हे प्रमाण घटले. कार्यकारणभावाचा हा आजवरचा सर्वांत बळकट पुरावा होय. परंतु याच प्रयोगांनी पित्ताचा एकट्याचा अपराधही सैल केला. ब्रिटनमधील मेसन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पित्त आणि स्वादुपिंड-आद्यांत्रातील स्राव वेगवेगळे करून पाहिले, तेव्हा पित्तापेक्षा दुसऱ्या गटातील स्राव अधिक महत्त्वाचे दिसले. त्यामुळे 'पित्ताचे प्रत्यागमन' हा शब्दप्रयोगच काहीसा एकांगी ठरतो. 'आद्यांत्रातील रसांचे प्रत्यागमन' असे म्हणणे अधिक काटेकोर होईल.

उंदरावरून माणसाकडे जाताना सावधगिरी आवश्यक आहे. या उंदराला पित्ताशय नसते; त्याचे पित्त अखंड वाहत राहते. त्याच्या जठराचा पुढचा भाग माणसाच्या जठरासारखा नसतो. म्हणून प्रयोग शक्यता सिद्ध करतो. मानवातील प्रमाण सिद्ध करीत नाही. मानवात पित्त वळवल्यामुळे दाह आणि उलट्या कमी होतात हे अनुभवसिद्ध आहे. त्यामुळे कर्करोगही टळतो, हे मात्र निर्णायकपणे दाखवणारी दशकानुदशकांची तुलनात्मक चाचणी उपलब्ध नाही. तीस वर्षांनी मिळणाऱ्या उत्तरासाठी आज चाचणी आखणे सोपे नसते, ही या विषयाची मूळ अडचण आहे.

जुना प्रश्न नव्या रूपात

१९७६ मध्ये सिमेटिडिन आणि १९८८ मध्ये ओमेप्रॅझोल ही औषधे वापरात आली. पुढे हेलिकोबॅक्टरवर प्रतिजैविके देण्याची पद्धत रूढ झाली आणि अल्सरसाठी जठर कापण्याची वेळ क्वचितच येऊ लागली. हा प्रश्न आपोआप इतिहासजमा होईल, अशी अपेक्षा होती. ती पूर्णतः खरी ठरली नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतील रटलेज यांनी लठ्ठपणासाठी एकाच जोडाची बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. भारतातही ही शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर केली जाते. तिची रचना पाहिली की दुसऱ्या बिलरोथ पद्धतीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही : जठराची अरुंद नळी आणि तिला वळशाने जोडलेले लहान आतडे. फ्रान्समधील २५३ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन घटवण्यात ही पद्धत 'वाय' आकाराच्या बायपासपेक्षा कमी ठरली नाही. परंतु दोन वर्षांनी केलेल्या दुर्बीण तपासणीत १६ टक्के रुग्णांच्या जठराच्या नळीत पित्त आढळले, तर दुसऱ्या गटात एकाच्याही नाही.

यावरून ही शस्त्रक्रिया घातक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. येथे आतड्याचा जोड बराच खाली असतो, मूळ रोग वेगळा असतो आणि लठ्ठपणा हाही अनेक कर्करोगांचे ज्ञात कारण आहे. परंतु 'अद्याप कर्करोग फारसे आढळलेले नाहीत' या युक्तिवादाचे वजन किती मानावे, हे मागील विवेचनावरून ठरवता येते. जो धोका पंधरा-वीस वर्षांनंतर डोके वर काढतो, त्याच्याबद्दल पहिल्या दहा वर्षांची शांतता काहीच सांगत नाही. १९५० च्या दशकातील शल्यविशारदांनाही त्यांचे रुग्ण दहा वर्षे उत्तम दिसले होते. शिवाय येथे रुग्ण अल्सरच्या रुग्णांपेक्षा बहुधा तरुण असतो आणि त्याच्यापुढे धोक्याची वर्षे अधिक असतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पित्ताचे प्रत्यागमन ही आंशिक जठरोच्छेदनाची वस्तुस्थिती आहे. त्यानंतरचा कर्करोगाचा धोका खरा, परंतु उशिराचा आहे. तो मूळ व्रणाच्या प्रकारावर, शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर आणि रुग्णाच्या सवयींवर अवलंबून आहे. पित्त आणि त्याच्यासोबतचे स्राव हे त्याचे एक संभाव्य कारण आहे, एकमेव नव्हे. 'पित्त आले म्हणजे कर्करोग होणार' असे रुग्णाला सांगणे जितके चुकीचे, तितकेच 'आता काळजीचे कारण नाही' असे सांगून त्याला कायमचा निरोप देणेही चुकीचे. अल्सरसाठी शस्त्रक्रिया झालेल्यांची पंधरा ते वीस वर्षांनंतर दुर्बीण तपासणी करण्याचा विचार करावा, अशी भूमिका अमेरिकेतील अंतर्दर्शन तज्ज्ञांच्या संघटनेने घेतलेली आहे. सरसकट सर्वांची नियमित तपासणी करावी इतका पुरावा नाही. पण वजन घटणे, भूक मंदावणे, रक्ताल्पता अशी नवी लक्षणे दिसली, तर 'जुनेच पित्त आहे' म्हणून ती टाळता कामा नयेत.

यासाठी एक साधी, परंतु आपल्याकडे दुर्लक्षित राहिलेली गोष्ट आवश्यक आहे, ती म्हणजे नोंद. स्कॅन्डिनेव्हियन देशांना हे ज्ञान मिळाले ते तेथील अभ्यासकांना तीस वर्षांपूर्वीचा रुग्ण पुन्हा शोधता आला म्हणून. आपल्याकडे वृद्ध रुग्ण 'पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले होते' एवढेच सांगू शकतो. काय काढले, कसे जोडले, कोणत्या रोगासाठी, हे त्याच्याजवळच्या पिवळ्या पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर असते, किंवा नसतेच. जो प्रश्न एका पिढीने विचारायचा आणि पुढच्या पिढीने उत्तर द्यायचे, त्याच्या बाबतीत हे कार्ड जपून ठेवणे हा संशोधनाचाच भाग होय. नव्या शस्त्रक्रिया स्वीकारताना शल्यविशारदांनी किमान एवढी तजवीज केली, तर तीस वर्षांनंतर हाच वाद पुन्हा पहिल्यापासून मांडण्याची वेळ आपल्या विद्यार्थ्यांवर येणार नाही.